सतरा नंबरची सहा पानं

मुलींचं वसतिगृह, खोली नंबर नऊ
बुधवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवायची तर आमच्या दोन खाटांच्या मधे तेवढी जागा नाही, म्हणून सध्या पाचच टेकवली आहेत. उरलेली तीन सुट्टीत घरी आल्यावर.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा चष्मा सापडला का, की अजून तो कपाळावर चढवूनच ते घरभर शोधताहेत? आणि शनिवारपासून तुझ्याकडे जी नवी पाहुणी आली आहे ती रुळली का? तिचा डावा पाय कसा आहे? नीट खाते-पिते ना? तिच्याबद्दल सविस्तर कळव, बाकीच्यांचं थोडक्यात कळवलंस तरी चालेल. मी इथे मजेत आहे. (मजेत आहे असं लिहिणं आता आमच्याकडे सक्तीचं आहे. का, ते पुढे येईलच.)

रविवारीच आपण फोनवर अर्धा तास बोललो, मी तुला सगळी हकिगत सांगितली, तू चार वेळा "अगं बाई" म्हणालीस आणि एकदा हसू दाबलंस. मग तीन दिवसांत हे लांबलचक पत्र कशाला, असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर बोललेलं हवेत जातं, कागदावरचं मात्र कुणाला तरी ओळ न ओळ वाचावं लागतं. म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे, तू माहीत नसल्यासारखं वाच.

तर आमचे भाषेचे सर. त्यांना आम्ही "पुढचीसर" म्हणतो, कारण वर्षभर त्यांच्या तोंडून हाच शब्द सगळ्यात जास्त वेळा निघतो. कादंबरी शिकवायची त्यांची पद्धत अशी: हजेरीच्या क्रमानं एकेकीनं उभं राहायचं, एक पान मोठ्यानं वाचायचं, पान संपलं की सर खिडकीबाहेर बघत "पुढची!" म्हणतात आणि पुढची उठते. वर्गात आम्ही छत्तीस जणी. एखादी आजारी असली तर तिचं पान सर स्वतः वाचतात, पण क्रम मोडू देत नाहीत. (नऊ नंबरला गोवर आला होता तेव्हा नायिकेचं प्रेमपत्र सरांनी वाचलं. त्यावर मी वेगळं पत्र लिहीन.) माझा नंबर सतरा. म्हणजे माझ्या वाट्याला कादंबरीचं सतरावं पान, मग त्रेपन्न, एकोणनव्वद, एकशे पंचवीस, एकशे एकसष्ट आणि एकशे सत्त्याण्णव. दोनशे दहा पानांच्या पुस्तकात माझी पानं सहा.

आता तुला माहीत आहे, मला चारचौघांत मोठ्यानं वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. तुझ्या साठीच्या वेळी मी शुभेच्छांचं कार्ड वाचता वाचता पाण्याचा तांब्या लवंडला होता. त्यामुळे कादंबरीच्या तासाला मी पहिल्यांदा माझं पान शोधून काढायचे आणि बाकाखाली धरून ते ओठांतल्या ओठांत वीस-पंचवीस वेळा म्हणायचे. त्या वेळात बाकीच्या काय वाचताहेत ते माझ्या कानावर पडत नसे. मग माझा नंबर यायचा, मी वाचायचे, सर "पुढची!" म्हणायचे आणि मी सुटकेचा जो निःश्वास टाकून खाली बसायचे तो थेट घंटा होईपर्यंत पुरायचा. वहीच्या मागच्या पानावर मी छत्र्या काढत बसायचे. चौऱ्याऐंशी छत्र्या आहेत, हव्या तर दाखवीन.

माझ्यानंतरचा नंबर अठरा, ती माझी मैत्रीण. बाकावर माझ्या शेजारी, वसतिगृहात माझ्या समोरच्या खाटेवर. तिला सगळे "कंपास" म्हणतात, कारण तिच्या कंपासपेटीत सुईदोऱ्यापासून डोकेदुखीच्या अर्ध्या गोळीपर्यंत सगळं असतं, आणि कुणाचं काही अडलं की न मागता ती पेटी पुढे सरकवते. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं मी तीन दिवस जेवले नव्हते, तेव्हा त्या पेटीतून बिस्किटं निघाली होती. हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं. (तिलाही सांगितलं नव्हतं की मला ते आठवतं.)

तर माझ्या सहा पानांवरून मला कादंबरी अशी समजली: एक फार छान शहर असतं. सतराव्या पानावर पहाटे भोंगा होतो, सगळे नागरिक एकाच मिनिटाला उठतात, खिडकीशी उभे राहतात आणि एका सुरात "आजची सकाळ चांगली आहे" म्हणतात. त्रेपन्नाव्या पानावर सगळे हसतमुखानं जेवतात, आणि आपलं हसू नीट दिसतंय ना हे बघायला समोर आरसे असतात. एकोणनव्वदवर चौकातल्या कर्ण्यातून रोज फक्त चांगल्या बातम्या सांगतात. एकशे पंचवीसवर प्रत्येक गल्लीत एक "हितचिंतक" असतो, तो सगळ्यांची पत्रं टपालात पडण्याआधी वाचतो, एकही ओळ न गाळता, आणि कुणाचं मन दुखेल असं काही असलं तर दुरुस्त करून देतो. एकशे एकसष्टवर प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. त्यानं आपल्या जोडीदाराविषयी दर आठवड्याला काळजीनं अहवाल लिहायचा. एका जोडीदारानं लिहिलं की याला झोप नीट येत नाही, तर दुसऱ्या दिवशी दाराशी गाडी हजर आणि त्याला विश्रांतीगृहात नेलं. मी म्हटलं, वा, काय सोय आहे! आणि एकशे सत्त्याण्णववर कथानायक भर चौकात हातात कागद घेऊन उभा राहतो आणि शहराचे आभार मानता मानता त्याच्या डोळ्यांतून धारा लागतात. ते पान मी इतक्या गहिवरानं वाचलं की सरांनी चष्मा पुसला. आनंदाश्रू म्हटले की मला जमतात.

मग सरांनी निबंध दिला: "कादंबरीतलं शहर आणि आपलं वसतिगृह". मी बसून मनापासून लिहिला. आपलं वसतिगृह त्या शहरासारखं व्हावं म्हणून सहा पानांतल्या सहा गोष्टी इथे कशा आणता येतील ते सविस्तर मांडलं. आरसे कुठे टांगावेत याची आकृतीसुद्धा काढली. तीन दिवसांनी सर वह्या घेऊन आले ते हसतच. माझा निबंध वाचून दाखवताना त्यांना ठसका लागला. म्हणाले, इतका धारदार उपरोध पंचवीस वर्षांत वाचला नाही. वीसपैकी एकोणीस! (एक गुण शुद्धलेखनाचा गेला.) मी घरी, म्हणजे खोलीवर, आल्यावर शब्दकोशात "उपरोध" बघितला आणि खाटेवर बसले. पण एकोणीस गुण हे एकोणीस गुण असतात, आत्या. ते परत करायला कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

निबंध नोटीस बोर्डावर लागला. तो रेक्टरबाईंनी वाचला. त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती. (आमच्यात तेवढं एक साम्य आहे.) त्यांनी मला बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मुली, इतकी वर्षं मी सूचनापेटी ठेवली, त्यात पंखा दुरुस्त करा याखेरीज चिठ्ठी पडली नाही. तू पहिली." आणि पुढच्या सोमवारपासून सगळं सुरू.

ते दिवस मी कसे वर्णावेत! सकाळी सहाला आम्ही बेचाळीस मुली खिडक्यांशी उभ्या राहून पावसाच्या सरीकडे बघत "आजची सकाळ चांगली आहे" म्हणायचो, त्यात दाढ सुजलेली एक होती, तिचं फक्त "आ" ऐकू यायचं. भोजनगृहात न्हाव्याच्या दुकानात असतो तसला लांबलचक आरसा लागला. उकडलेला भोपळा चावत असताना हसायचं म्हणजे काय ते करून बघ, म्हणजे आतोबा तुला डॉक्टरकडे नेतील. हसलं की भोपळा बाहेर येतो आणि तोंड मिटलं की रेक्टरबाई येतात. जेवण झालं की त्या स्वतः कर्ण्यावरून चांगल्या बातम्या द्यायच्या: "आज दोन्ही नळांना पाणी आले." "काल जिन्यावरून कोणीही पडले नाही." ही बातमी ऐकून आम्ही सगळ्या इतक्या जपून उतरायला लागलो की एकीचा पाय दुसरीच्या पायात अडकला. दुसऱ्या दिवशीची बातमी: "काल जिन्यावरून केवळ एकच मुलगी पडली."

कंपासला आधी वाटलं होतं की मी थट्टेनं लिहिलंय. निबंध वाचून ती उशीत तोंड खुपसून हसली होती, आणि मी धीट आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. आरसा लागला तेव्हा ती म्हणाली, "आता जाऊन खरं सांग, की ही गंमत होती." मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे काय ते तुला माहीत आहेच, तू मला लहानपणापासून ओळखतेस. रेक्टरबाईंनी मला एक निळा बिल्ला दिला होता, त्यावर "सूचक" असं भरतकाम केलं होतं, तो काढवेना.

मग पत्रांचा हितचिंतक नेमायची वेळ आली. अक्षर सुरेख आणि स्वभाव काटेकोर म्हणून रेक्टरबाईंनी नेमली कंपासला. जायचं प्रत्येक पत्र तिनं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचायचं, त्यात "मजेत आहे" असं लिहिलंय ना ते बघायचं, खटकेल ते खोडायचं, प्रत्येक पानावर सही करायची, शेवटी शेरा लिहायचा आणि पाकिटात घालायला ज्याचं त्याला परत द्यायचं. एकही ओळ गाळायची नाही. (हे शेवटचं माझ्याच निबंधातलं कलम. तपासणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवावं.)

आणि जोड्या लागल्या तेव्हा माझी जोडीदार निघाली कंपासच. मला इतका आनंद झाला! गेल्या शुक्रवारी पहिला अहवाल द्यायचा होता. तो माझा अहवाल मी तुला शब्दशः देते, कारण त्यातला एकेक शब्द मला पाठ झालाय: "माझी जोडीदार अतिशय गुणी आहे. फक्त ती रोज पाचला उठते, कारण इस्त्रीच्या खोलीत तिनं एक लंगडं मांजराचं पिल्लू ठेवलं आहे आणि स्वतःच्या वाटणीचं दूध ती त्याला पाजते. त्यामुळे ती वाळत चालली आहे. तरी तिला रोज एक पेला जास्त दूध मंजूर व्हावं, ही विनंती."

आत्या, मला खरंच वाटलं की दूध येईल. कादंबरीत गाडी आली होती ना?

दूध आलं नाही. रेक्टरबाई आल्या. वसतिगृहात प्राणी ठेवायला बंदी आहे, हा त्यांचा स्वतःचा, माझ्या निबंधाच्या फार आधीचा नियम. शनिवारी सकाळी माळीकाकांनी पिल्लाला टोपलीत घातलं आणि शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे सोडून यायला निघाले. कंपास जिन्यात उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "तू खरंच ऐकलं नव्हतंस? एकदाही?" त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. मी खोलीत आले की ती बाहेर जाते. तीन चिठ्ठ्या लिहिल्या, तिन्ही घडी न मोडता माझ्या उशीवर परत आल्या. कंपासपेटीला तिनं रबर लावलंय. पण मी अजिबात रडले नाही.

मी सगळं निस्तरायचा प्रयत्न केला. सरांकडे जाऊन म्हटलं, "सर, तो उपरोध नव्हता, मी मनापासून लिहिलं होतं." ते इतके हसले की त्यांनी खुर्ची धरली. म्हणाले, "वा! आता तर तोंडीसुद्धा!" तिथून रेक्टरबाईंकडे गेले आणि सांगितलं, की बाई, सर म्हणतात तो निबंध थट्टेचा आहे. त्यांनी विचारलं, "तू थट्टेनं लिहिलास की मनापासून?" खोटं बोलवेना. म्हटलं, "मनापासून." "मग झालं तर," असं म्हणून त्या भोपळा बघायला गेल्या. शेवटी मी बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सरांकडून वर्गातल्या कादंबरीच्या दोन प्रती मागून आणल्या, एक रेक्टरबाईंसाठी, एक माझ्यासाठी.

मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. आत्या, माझ्या प्रत्येक पानाच्या पाठीमागे काय होतं म्हणून सांगू! सतरावर सगळे "सकाळ चांगली आहे" म्हणतात, आणि अठरावर एक म्हातारा म्हणतो की ढग आलेत, तर त्याची खिडकी विटांनी बुजवतात. चोपन्नवर जो हसत नाही त्याचं ताट उचलतात. नव्वदवर कळतं की तो कर्णा नुसता बोलत नाही, ऐकतोही. एकशे सव्वीसवर एका आईला मुलाचं पत्र मिळतं, त्यात सगळं खोडून फक्त "मी मजेत आहे" एवढंच उरलेलं असतं. आणि एकशे बासष्टवर कळतं की विश्रांतीगृहातून अजून कुणी परत आलेलं नाही. माझ्या एकेका पानाचा खरा अर्थ पुढच्याच पानावर होता. आणि ती सगळी पानं कुणाची? अठरा नंबरची! ती माझ्या शेजारी, माझ्या खांद्याला लागून उभी राहून ती मोठ्यानं वाचत होती, आणि मी छत्र्या काढत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. (तपासणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचलं तरी हरकत नाही.)

काल मी एकशे सत्त्याण्णवपर्यंत आले. नायक चौकात उभा आहे, हातात कागद आहे, रडतो आहे. ते आनंदाश्रू नाहीत हे आता मलाही कळतं. त्या कागदावर काय आहे, कुणाचं नाव आहे, ते पुढच्या पानावर असणार. पण ते पान माझ्यानं उलटवत नाही. पुस्तक उघडं ठेवून मी कालपासून त्याच्याकडे बघते आहे. ते पान माझं नाही.

बाकी सर्व क्षेम. आतोबांना नमस्कार, शेजारच्या काकूंना आठवण.

तुझी लाडकी (निदान अजून तरी) भाची

ता. क. १: रेक्टरबाई कादंबरी वाचताहेत. काल रात्रीपर्यंत बहुधा चोपन्नाव्या पानावर पोचल्या, कारण आज सकाळी भोजनगृहातला आरसा नाहीसा झाला आणि कुणीही कुणाला हसायला सांगितलं नाही. त्यांचा वेग बघता शुक्रवारपर्यंत त्या एकशे सव्वीसवर जातील आणि पत्रं तपासणं बंद होईल. म्हणून हे पत्र आजच लिहिणं भाग होतं.

ता. क. २: पाहुणीला बशीतून दूध देऊ नकोस, ती बशीत पाय घालते. डब्याच्या झाकणात दे. शनिवारी मी एका पायात चप्पल घालून फाटकापर्यंत धावले, माळीकाकांच्या हातापाया पडून त्यांना तुझा पत्ता दिला आणि टोपलीत माझा मफलर अंथरला, तेव्हा हे सांगायचं राहून गेलं. तुझं घर त्यांच्या बसच्या वाटेवर आहे हे माझं नशीब. लंगडी आहे, पण पडद्यावर चढते, जपून. सुट्टीत आम्ही दोघी तिला भेटायला येऊ. म्हणजे, मी तर येईनच.

ता. क. ३: आत्या, रागावू नकोस, पण हे पत्र तुझ्यासाठी नव्हतंच. तुझ्यापर्यंत पोचलं नाही तरी चालेल. ज्या व्यक्तीनं माझी एकही चिठ्ठी उघडली नाही, तिला हे मात्र नियमानं शेवटच्या शब्दापर्यंत वाचावंच लागतं, आणि या ओळीपर्यंत आली असेल तर तिनं ते वाचलेलं आहे. अठरा नंबर, माझं चुकलं. मी ऐकायला हवं होतं.

*हितचिंतकाचा शेरा:*

पत्र तपासले. पाने सात, सह्या सात. आक्षेपार्ह मजकूर नाही. "मी अजिबात रडले नाही" हे वाक्य खोटे असल्याने खोडले आहे. मी समोरच्याच खाटेवर झोपते, शनिवारपासून रोज रात्री मला ऐकू येते.

आत्या, दूध कोमट द्या, गार दिलं तर ती शिंकते. पोटाखाली खाजवलेलं आवडतं. मी अजून तुमच्या भाचीशी बोलत नाही, म्हणून तिला तुमच्यामार्फत कळवते: एकशे अठ्ठ्याण्णव नंबरचं पान आज जेवण झाल्यावर इस्त्रीच्या खोलीत मोठ्यानं वाचण्यात येईल. वही आणू नये. एकही छत्री काढलेली दिसली तर एकशे नव्व्याण्णव तिचं तिनं वाचावं.